वहिनींचा नंबर

आमची १९७५ ची बॅच. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीचं बोर्ड आलं ते त्याच साली. वर्गातली निम्मी पोरं शेतात राहिली, बाकीची एसटीत, गिरणीत. एकदोघं मास्तर झाले. आता एकेक गडी गळायला लागलाय. दहाव्याला जाऊन यायचं आणि मग ते घरच तुटायचं, हे काही मला पटंना. म्हणून गेलेल्याचा नंबर मी वहीतून खोडत नाही, खाली वहिनींचा लिहून ठेवतो.

परवा एकीला फोन लावला. "भावजी, हे गेल्यापासून पोरांशिवाय तुमचाच तेवढा फोन येतो बघा," म्हणाल्या. मग सोयाबीनचा भाव, सुनेचं बाळंतपण, गुडघे, बराच वेळ चाललं. हुरड्याला या म्हणालो. नातवाला घेऊन येते म्हणाल्या.