अर्थिंगची बादली

मार्च-एप्रिलात साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की बीडमधून ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परततात. सहा महिने कुलूपबंद असलेली घरं उघडतात. वायर उंदरांनी कुरतडलेली असते, जोडावरची टेप वाळून सुटलेली असते. डोक्यावरचा पत्रा तापलेला, म्हणून त्याच दिवशी लोखंडी कुलर बाहेर निघतो आणि वायरमनला बोलावणं येतं.

मी आधी अर्थिंग बघतो. अडीच-तीन मीटरचा पाइप जमिनीत उभा पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात, ते ओल धरून ठेवण्यासाठी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. ओल गेली की करंट जमिनीत नीट उतरत नाही. मग कुलरच्या पत्र्याला फेज लागला, तर ओल्या पायांनी पाणी भरणाऱ्या बाईच्या अंगातून तो वाट काढतो.

घरातले सगळे प्लग काढून मी शंभरचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये लावतो. हे काम वायरमननंच करावं. बल्ब मिणमिणला की खड्ड्यात पाणी ओतायला सांगतो. "भाऊ, प्यायला टँकर अन् खड्ड्यात पाणी?" हा प्रश्न रास्त आहे. २०१३ साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्रसुद्धा बंद ठेवावं लागलं होतं. पण खड्ड्याला भांडी विसळलेलं पाणीही चालतं.

"एमसीबी आहे की," असंही लोक म्हणतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. घरातली साधी एमसीबी सहा अँपिअरची. माणसाचा जीव त्याच्या शंभराव्या हिश्शानंही जाऊ शकतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढी गळतीही ओळखून क्षणात लाइन तोडते. घरात एक वस्तू कमी घ्या, पण ती बसवा.

आणि कुलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लग काढा. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असेल, तर पंखा थांबतो पण आत फेज तसाच राहतो. कपडे वाळत घालायची तार पत्र्याला बांधू नका. पत्र्यात उतरलेला करंट तारेवरून ओल्या लुगड्यापर्यंत येतो.

टँकर आला की कोणतं पाणी कशाला, हे बीडच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. त्या वाटणीत उन्हाळाभर अर्थिंगचीही एक बादली धरा.