मुलाचा कागद आणि आईचा नंबर

लांज्यात शिकवताना मी डेटाबेस समजून घेतला तो संचयी नोंदपत्रकावरून. एका मुलाची उंची, वजन, गुण, आवड, सगळं एकाच ठिकाणी. मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसचंही असंच असतं. मग सगळंच एकात कोंबायचं का? तर नाही. जे नेहमी एकत्र वाचतो, ते आत ठेवायचं. हजेरी रोज वाढते, ती वेगळी ठेवायची. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादाच आहे.

आता भावंडांचं बघा. आईचा मोबाईल नंबर दोघांच्या कागदात लिहिला आणि बदलताना एकातच बदलला, तर धाकट्याला ताप आल्यावर फोन जुन्या नंबरवर जाणार! म्हणून आईची नोंद एकदाच करायची आणि मुलांच्या कागदात त्या नोंदीचा क्रमांक लिहायचा.