जाळीच्या पट्टीवरचा चेंडू

आम्ही वसतिगृहात होतो तेव्हाची गोष्ट. तुळजापूरच्या व्हॉलीबॉल स्पर्धेत आमच्या संघाने उपान्त्य सामना शेवटच्या गुणावर जिंकला. आमच्या मित्राचा स्मॅश जाळीच्या वरच्या पट्टीला लागला, क्षणभर थबकला आणि पलीकडे पडला. त्या रात्री आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्याचा तसाच चेंडू पट्टीला लागून आमच्याच बाजूला पडला. आम्ही हरलो. परतीच्या एसटीत त्याच्याशेजारी कोणी बसले नाही. पुढे कित्येक दिवस पंगतीतही आम्ही त्याच्याशी बोललो नाही.

आमचा तो अन्याय उमगायला बराच काळ जावा लागला. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारताचा डाव अवघ्या १८३ धावांत आटोपला होता. समोर दोन वेळचे विश्वविजेते वेस्ट इंडिज. रिचर्ड्सचा उंच उडालेला चेंडू कपिल देव यांनी मागे धावत टिपला आणि तो बलाढ्य संघ १४० धावांत बाद झाला. चेंडू थोडा दूर पडता, तर कदाचित इतिहास निराळा असता. ज्या खेळात गोल वा गुण थोडे, तेथे एका योगायोगाचे वजन मोठे. म्हणूनच दुबळ्या संघालाही आशा असते.

परंतु सारेच योगायोगावर सोडता येत नाही. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्यात पालवणकर बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. त्या गोलंदाजीमागे पुण्यात गोऱ्या खेळाडूंना सरावासाठी तासन्‌तास टाकलेले चेंडू होते. संधी अवचित येते, ती पेलणारा हात मात्र अवचित घडत नाही.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आम्ही त्या मित्राची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, “अरे, आदल्या दिवशीचा चेंडूही मी पलीकडे पाडला नव्हता. तो आपला आपणच पडला होता.”

आज त्याच मैदानावर खेळणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे: सराव मनापासून करा. आणि हरलात तर परतीच्या गाडीत कोणाच्याही शेजारची जागा रिकामी ठेवू नका.