हवा मारण्याबद्दल

आमच्या धंद्यात पाळी सुटताना कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन यंत्रांवर ‘हवा मारतात’. नांदेडच्या जिनिंगमध्ये मी हे शिकलो आणि लातूरच्या डाळमिलमध्ये आलो तेव्हा सोबत घेऊन आलो. यंत्र झटक्यात लख्ख. झाडूत वेळ घालवणं मला अडाणीपणाचं वाटायचं. आगीचं म्हणाल तर भिंतीवर लाल सिलिंडर होतेच. 2006च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी-जुलैला तपासणीचा कागद गेला की मी निर्धास्त.

मत हललं ते झाडणाऱ्या एका मावशींमुळे. “साहेब, तुमी उडवता ते वर जाऊन बसतंय, अन् आमी खालचंच झाडतोय,” त्या म्हणाल्या. शिडी लावून पाहिलं. छताच्या कैच्यांवर, केबलच्या पट्ट्यांवर, दिव्यांच्या टोपांवर तुरीचं पीठ बोटभर साचलेलं.

हे पीठ ढिगात असलं तर सावकाश जळतं. तेच हवेत तरंगत असताना तापलेलं बेअरिंग किंवा घासणारा पट्टा भेटला की भडका. पहिल्या दणक्यानं कैच्यांवरचं सगळं खाली येतं आणि दुसरा भडका पहिल्याहून मोठा होतो. अमेरिकेतल्या जॉर्जियात, इम्पीरिअल शुगरच्या कारखान्यात 7 फेब्रुवारी 2008ला असंच झालं. 14 कामगार गेले. जळाली ती साखरेची धूळ! आपल्या भागात साखर कारखाने किती आहेत, हे वेगळं सांगायला नको.

जिनिंगमध्ये कापसातला खडा किंवा लोखंडाचा तुकडा ठिणगी पाडतो, आणि कोपऱ्याकोपऱ्यात अडकलेली रुई ती पुढे नेते. गठाणीत शिरलेली आग तर आतल्या आत धुमसत राहते. मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944ला ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आधी पेटला तो कापूसच. स्फोटकं त्याच्या शेजारी होती. तिथल्या स्फोटात प्राण गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ अग्निशमन सप्ताह पाळतात. आम्हीही पाळायचो: सिलिंडर उडवून दाखवायचा, फोटो काढायचा. मान वर करून कैच्यांकडे कुणी बघायचं नाही, मीही नाही.

आता धूळ ओढणारं यंत्र वरून सुरू होतं आणि फरशी शेवटी झाडली जाते. मालकांना त्याचा खर्च उशिरा पटला, मुकादमाला अजून पटलेला नाही. हवा मात्र मी पूर्ण बंद केलेली नाही, कारण गिअरच्या फटीत दुसरं काही पोचत नाही. तिथंही आधी धूळ ओढून घ्यायची, मिल बंद, बेअरिंग गार, दाब कमी, आणि मग पाइप.