पाय दे, तांबू

रात्री अडीचच्या सुमाराला त्या आवाजानं जाग आली. चप् चप् चप्, मध्येच एक सुस्कारा, पुन्हा चप् चप्. दिवा लावला तर तांबू दारातल्या पायपुसण्यावर बसून पुढचा डावा पाय चाटत होता. दिव्याकडे त्यानं बघितलंही नाही. पंजा हातात घेतला तर बोटांच्या बेचक्यातली कातडी लालभडक, आणि मोजे घातल्यासारखे दिसणारे त्याचे पांढरे केस गंजल्यागत झालेले. मला ते रक्तच वाटलं.

तो लाळेतल्या रंगद्रव्याचा डाग होता, हे कळायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी काय काय केलं, ते लिहून ठेवते आहे. पहिल्या पावसाळ्यात कुत्रा घरी आलेल्या आणखी कुणाच्या तरी दारात असाच आवाज येत असेल.

तांबू आमचा पहिलाच कुत्रा. जूनमध्ये मुलीनं त्याला पुण्यातल्याच एका बांधकामावरून उचलून आणलं आणि ऑगस्टमध्ये ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तो वर्षभराचा, गावठी, तांबडा. मी त्रेपन्न वर्षांची, आणि तोवर कुत्र्याच्या अंगावरून हातही न फिरवलेली. तो मात्र पहिल्या आठवड्यातच माझ्याजवळ येऊन बसला आणि “पाय दे” म्हटलं की पंजा माझ्या तळहातावर ठेवायला लागला. हे त्याला कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही.

सकाळी शेजारच्या वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, हळद आणि खोबरेल लाव, आमच्याकडे गुरांनासुद्धा तेच लावायचे. लावलं. त्यानं दोन मिनिटांत ते सगळं चाटून साफ केलं, आणि तेलाची चव लागल्यावर जास्तच चाटायला लागला. मग कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात रोज दोनदा पाय बुडवले, पण नंतर कोरडे केले नाहीत. तसं काही करायचं असतं हे सुचलंच नाही. भावानं शतधौत घृत आणून दिलं. भाजलेल्या कातडीला ते गार वाटतं हे मी स्वतः अनुभवलंय, पण तांबूच्या लेखी ते तूपच. एका मैत्रिणीनं कॅलेंड्युला सुचवलं. त्याला मेरीगोल्ड म्हणतात असं कळल्यावर मी दसऱ्याच्या झेंडूचा काढा करायला निघाले होते. दोन्ही झाडं वेगळी, हे वेळेवर समजलं. प्रत्येकजण मायेनं सांगत होता आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. मी वहीत सगळं उतरवून घेत होते आणि वहीतून काहीच उलगडत नव्हतं.

त्याच मैत्रिणीकडून ‘होलिस्टिक’ हा शब्द माझ्या कानावर आला. मी त्याचा अर्थ घेतला, दवाखान्याशिवाय, नैसर्गिक वस्तूंनी. त्या भरात ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यात मिसळून त्याच्या पंजांवर ओतलं. चाटून चाटून कातडी सोललेली होती, हे मी नीट बघितलं नव्हतं. तो किंचाळला. मी इतकी दचकले की बाटली हातातून निसटली. तो पलंगाखाली गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी “पाय दे” म्हटल्यावर त्यानं दोन्ही पंजे पोटाखाली ओढून घेतले.

मला त्याच्या जखमेपेक्षा ते जास्त लागलं. त्याच दिवशी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पहिली दहा मिनिटं पंजाला हातच लावला नाही. ते विचारत राहिले. खाणं काय? फिरायला कुठं नेता? पावसातून आल्यावर पाय पुसता का? फरशी कशानं पुसता? “फिनेलनं,” मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. दिवसभर घरी कोण असतं? मी बँकेत, म्हणजे साडेनऊ ते सहा तो एकटा. मग त्यांनी त्याचा कान उलटा करून वास घेतला आणि मलाही घ्यायला सांगितला. आंबलेल्या पिठासारखा वास. नंतर पंजाचा वास घेतला, तोच. काखेत आणि पोटावर लाली होती, ती मी पाहिलीच नव्हती. तांबू स्टीलच्या टेबलावर उभा होता आणि त्याच्या पायांखाली ओले ठसे उमटत होते. कुत्र्याला पायांच्या गाद्यांतून घाम येतो, घाबरला की जास्त, असं डॉक्टर म्हणाले. त्या ठशांकडे बघून मला भरून आलं.

त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा बेचक्यात दाबून उचलला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. “ताई, बघा.” जांभळे ठिपके, कमरेत चिमटलेले, अनवाणी पावलाच्या ठशासारखे. ते यीस्ट होतं, मॅलॅसेझिया. थोडं यीस्ट निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही असतं. ओल आणि खाज मिळाली की ते बेसुमार वाढतं. खाज आली की कुत्रा चाटतो, चाटलं की बेचकी ओली राहते, ओलीत यीस्ट वाढतं, त्यानं खाज वाढते. माझं तेल, काढा आणि तूप या चक्रात ओलच घालत होतं. आणि या सगळ्याच्या मुळाशी बहुधा ॲलर्जी होती, जी पंजे, कान आणि पोट अशी एकाच वेळी दिसते. चारही पाय खाजत असतील तर कारण बहुतेक वेळा सगळ्या अंगात शोधायचं, एकच पाय अचानक दुखायला लागला तर काटा, जखम किंवा नख बघायचं, असं त्यांनी सांगितलं. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

माझ्या पिशवीत टी ट्री ऑइलची नवी बाटली होती. ती त्यांनी बाजूला काढून ठेवली. कुत्र्यानं ते चाटलं तर तोल जातो, मागचे पाय लुळे पडतात. ती बाटली मी त्याच रात्री उघडणार होते. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हा माझा समज तिथं संपला. होलिस्टिक या शब्दावर मात्र माझा राग नाही. अख्खा कुत्रा बघणं म्हणजे काय, ते मी त्या टेबलापाशी पाहिलं: कान, पोट, फरशी, ताटली, एकटेपणा, आणि सगळ्यात शेवटी पंजा.

क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू मिळाला. तो लावून दहा मिनिटं ठेवायचा, धुवायचा आणि प्रत्येक बेचकी कोरडी करायची. खाजेच्या गोळ्या काही दिवस, कानात औषध, गोचीड-पिसवांचं औषध दर महिन्याला. चाटू नये म्हणून गळ्यात कोन. नखं वाढून फरशीवर टक् टक् वाजत होती; त्यानं बोटं वाकडी पडतात आणि भार चुकीच्या जागी येतो, म्हणून ती दवाखान्यातच कापून घेतली. घरी फिनेल बंद, साधं पाणी. बँकेत जाण्याआधी त्याचं थोडं खाणं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायला लागले. तो अर्धा तास नाकानं शोधत बसतो आणि मग पंजाकडे न वळता झोपतो.

पण शाम्पू लावायला पाय तर हातात यायला हवा. मी जमिनीवर बसायचे, तळहात उघडा ठेवायचे आणि काही मागायचे नाही. पंजा हाताच्या जवळ आला की त्याच्याच खाण्याचा एक तुकडा. चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी त्यानं एक नख माझ्या करंगळीवर टेकवलं. नवव्या दिवशी पंजा आला. कुठलंही औषध या नऊ दिवसांच्या आधी चाललं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

खाण्याची ॲलर्जी आहे का हे बघायला आठ आठवडे फक्त मासे आणि रताळं. आमचं घर शाकाहारी. मंडईत मासळीवालीसमोर मी गप्प उभी राहिले, तेव्हा तिनंच विचारलं, “कुत्र्यासाठी ना?” आणि काटे काढून तुकडे करून दिले. तिसऱ्या आठवड्यात कळलं की वॉचमनकाका त्याला रोज ग्लुकोज बिस्किट देतात. त्यांना समजावलं आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. शेवटी त्याचं जुनं खाणं सुरू करून दोन आठवडे वाट पाहिली. काही बदललं नाही. म्हणजे दोष खाण्यात नव्हता. धूळ, परागकण, घरातले बारीक कीटक, यांपैकी काहीतरी. एवढ्या कष्टानंतर हे उत्तर मिळाल्यावर मी हिरमुसले. “हेही उत्तरच आहे,” डॉक्टर म्हणाले. ॲलर्जी आयुष्यभर सांभाळायची असते, पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा डोकं वर काढेल, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

माशांचे दिवस चालू असतानाच, नोव्हेंबरमध्ये, वेताळ टेकडीवरून आल्यावर तो मागचा डावा पाय उचलून चालायला लागला. एकच पाय, अचानक. मी वही उघडलीही नाही. दुसऱ्या बोटाजवळ वाटाण्याएवढी सूज होती आणि तिच्यात टाचणीनं टोचावं तसं बारीक भोक. गुंगी देऊन डॉक्टरांनी आतून कुसळ काढलं. टेकडीवरचं कुसळी गवत पावसाळ्यानंतर वाळतं, तेव्हा त्याची अणकुचीदार बीजं कपड्यांना आणि केसांना चिकटतात. टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, म्हणून ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. वरचा लांब तुरा ओल लागली की उलगडतो, वाळला की पीळ घेतो, आणि त्या पिळानं बी भोक पाडत आत शिरतं. ते मातीसाठी असतं. आमच्या वाट्याला कातडी आली. तेव्हापासून गवत वाळल्यावर आम्ही डांबरी वाटेनंच जातो, तेही उजाडता उजाडता. उन्हं चढल्यावर आधी मी माझा तळहात रस्त्यावर टेकवून बघते. मला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

आता फेब्रुवारी आहे. रात्री जेवणं झाली की मी मऊ सुती फडकं घेऊन बसते आणि तांबू येतो. पुढचे दोन्ही पाय न मागता देतो, मागचा उजवा मागितल्यावर. मागचा डावा अजून देत नाही, आणि मी मागत नाही. तो कुशीवर आडवा झाला की झोपेत पंजा आपोआप पसरतो. तेव्हा मी बॅटरी घेऊन, हात न लावता, बोटांच्या मध्ये बघून घेते.