९९.५४ टक्के परतावा म्हणजे नेमकं काय?

पोस्ट थोडी मोठी आहे, पण घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. परवा एका माजी विद्यार्थ्याने एका ॲपची जाहिरात पाठवली: "व्हिडिओ पोकर, ९९.५४ टक्के परतावा." खाली त्याचा प्रश्न: "सर, बँक एफडीला सात टक्के देते, हे ९९ देतात. खोटं आहे का?"

आकडा खोटा नाही. पण तो त्या ॲपचा नाही, आणि त्याचा अर्थ पोराला वाटतो त्याच्या बरोबर उलटा आहे.

आधी अर्थ. बँकेचे सात टक्के मुद्दलाच्या वर मिळतात. इथे १०० रुपये लावले की सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत येतात. म्हणजे ४६ पैसे गेले. आणि हे एकदा नाही, प्रत्येक डावाला.

आता हा आकडा आला कुठून? अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या कॅसिनोंत 'जॅक्स ऑर बेटर' नावाचं व्हिडिओ पोकर मशीन असतं. पाच पत्ते येतात, हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदाच बदलायचे. गुलामाची किंवा त्याहून मोठी जोडी झाली की लावलेले पैसे परत. कशाला किती मिळणार हा तक्ता पडद्यावरच असतो. फुल हाउसला नऊपट आणि फ्लशला सहापट असेल, तर परतावा ९९.५४ टक्के. आठ-पाच असेल तर ९७.३०. सहा-पाच असेल तर ९५. मशीन दिसायला तेच, पत्ते तेच, फक्त दोन आकडे बदललेले.

फरक किरकोळ वाटतो ना? डावाला सव्वा डॉलर आणि तासाला ६०० डाव धरा. तासात ७५० डॉलर फिरले. नऊ-सहाच्या मशीनवर सरासरी तोटा साडेतीन डॉलर. सहा-पाचवर साडेसदतीस. जवळजवळ अकरा पट!

बरं, ९९.५४ तरी सगळ्यांना मिळतात का? नाही. त्यासाठी प्रत्येक डाव बिनचूक खेळावा लागतो. उदाहरण घ्या. हातात बदामाची दुर्री, पंजी, सत्ती, नव्वी आणि चौकटची पंजी आहे. पंजीची जोडी ठेवाल की चार बदाम? बहुतेक जण जोडी धरतात, कारण हातात काहीतरी आहे असं वाटतं. पण उरलेल्या ४७ पत्त्यांत नऊ बदाम आहेत आणि फ्लशला सहापट मिळतात. नऊ गुणिले सहा, भागिले ४७, म्हणजे १.१५. जोडी ठेवली तर सरासरी ०.८२. तेव्हा जोडी फोडायची. पण तीच जोडी राण्यांची असती, तर राण्या ठेवायच्या. असे नियम ओळीने पाठ हवेत. जिथे चुकाल तिथे परतावा खाली.

शिवाय ९९.५४ मधले जवळपास दोन टक्के एकट्या रॉयल फ्लशचे आहेत. तो येतो साधारण ४०,००० डावांत एकदा. तासाला ६०० डावांनी सदुसष्ट तास झाले! तोही एका नाण्यावर खेळलात तर २५० पट, पाच नाणी लावलीत तरच ८०० पट. म्हणजे पूर्ण टक्केवारी हवी तर पैसेही पाचपट लावा.

हे सगळं गणित एका अटीवर उभं आहे: पत्ते खरोखर ५२ मधून, समान शक्यतेने यायला हवेत. नेवाडात तो नियमच आहे. मशीनवर पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटमधल्या पत्त्याइतकीच असली पाहिजे, आणि मशीन तपासणारी सरकारी यंत्रणा आहे. ही अट काढली की ९९.५४ या आकड्याला काहीही अर्थ उरत नाही.

आपल्याकडे २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. म्हणजे असं ॲप कायद्याच्या बाहेरच चालतं. त्याचे पत्ते कोण पिसतं, कोण तपासतं? कुणीच नाही. पडद्यावर नऊ-सहाचा तक्ता लावायला काय जातं? मागे पाचवा बदाम कधीच येऊ द्यायचा नाही असं ठरवलं, तर खेळणाऱ्याला कळणार कसं?

मटका आठवा. दहातला एक आकडा, लागला तर रुपयाला नऊ. हिशेबाने तोही ९० टक्के 'परतावा' झाला. त्यात किती घरं बसली, हे आपल्या पिढीला सांगायला नको. मटक्याला निदान आकडा यायची वाट बघावी लागायची. इथे सहा सेकंदांत पुढचा डाव.

त्या पोराला मी तीनच प्रश्न लिहून दिले. हा परतावा कुठल्या तक्त्यावर काढलाय? पत्ते कोण तपासतं? पैसे अडकले तर तक्रार कुठे करायची? तिन्हीची उत्तरं मिळत नाहीत तोवर एक रुपयाही टाकू नकोस, म्हटलं.

तुमच्या घरातल्या पोरांनाही हेच तीन प्रश्न विचारा, पण ओरडू नका, शेजारी बसवून हिशेब दाखवा. ओरडलं की पोरं लपवतात, आणि लपवलेलं कर्ज फार वाईट. आणि कुणाचे पैसे अडकलेच असतील तर लाजू नका, सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करा.

हिशेबात काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा. बाकी पोस्ट शेअर करायला परवानगी विचारायची गरज नाही.