उत्तरेची मर्यादा

सेलूच्या मोंढ्यात तीन पिढ्यांपासून कापसाची आडत असलेल्या एका जैन कुटुंबात लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे निमित्त झाले आणि एक दूरचा प्रवास ठरला. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने आई-वडिलांसाठी उत्तर ध्रुवाजवळची सहल निवडली. नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही बऱ्याच उत्तरेला स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील लाँगइयरबायन हे गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. परभणी जिल्हा १९ अंशांच्या आसपास. तेथून मार्गदर्शकाबरोबर स्नोमोबाईलवर बसून दिवसभरात शंभराहून अधिक किलोमीटर बर्फातून जायचे, असा कार्यक्रम होता.

बेत घरात सांगितला गेला तेव्हा ऐंशीच्या घरातील आईने दोनच प्रश्न विचारले. पहिला, "कशासाठी जायचं रे?" आणि दुसरा, "तिथं दिवस मावळतो का?" पुढच्या तीन महिन्यांची सारी तयारी या दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागले, कारण त्यावर तारीख अवलंबून होती. सहल घडवून आणणाऱ्यांनी एप्रिलचा शेवटचा आठवडा सुचवला होता. गृहस्थांनाही तोच सोयीचा होता. मार्चअखेरीचे हिशेब आटोपलेले असतील आणि कापसाचा हंगामही सरलेला असेल. परंतु लाँगइयरबायनमध्ये साधारण २० एप्रिलपासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. उलट ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येत नाही. या घरात रात्रिभोजनाचा त्याग आजोबांच्या काळापासून चालत आलेला आहे. गृहस्थ परभणीच्या लग्नात असोत वा मुंबईच्या बैठकीत, दिवस मावळण्यापूर्वी त्यांचे ताट उचललेले असते.

लेकीने सुचवले, "आजी, बाबांनी घड्याळ परभणीचंच ठेवायचं. इथं मावळला की तिथं जेवण बंद." आजीला ते पटले नाही. ती म्हणाली, "नियम घड्याळाचा नाही, उजेडाचा आहे. अंधारात बारीक जीव दिसत नाहीत म्हणून आपण रात्री जेवत नाही." मग तिथे तर रात्रभर उजेडच असणार, मग अडचण कसली, असे नातीने विचारले. आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सूर्य मावळणारच नसेल, तर माणसानं थांबायचं कधी?"

या प्रश्नाने तारीख बदलली. मार्चच्या २०-२१ तारखेस सूर्य विषुववृत्तावर असतो आणि पृथ्वीवर जवळजवळ सर्वत्र दिवस-रात्र सारखी असते. त्या दिवशी सेलूलाही सुमारे बारा तासांचा दिवस आणि लाँगइयरबायनलाही. तेथेही सूर्य सकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर मावळतो. फरक आहे तो पुढच्या वेगाचा. आपल्याकडे त्या काळात दिवस रोज जेमतेम एका मिनिटाने वाढतो, तर तेथे सुमारे पंधरा मिनिटांनी. आठवडाभर उशीर झाला तरी दिवस पावणेदोन तासांनी लांबतो. म्हणून मार्चचा तिसरा आठवडा नक्की झाला. त्याची किंमत गृहस्थांनी दुकानात मोजली. वर्षअखेरीचे सारे हिशेब फेब्रुवारीतच उरकायचे म्हणून त्यांनी दिवाणजींसह कित्येक रात्री वह्या तपासल्या.

मग कागदपत्रे आली. स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व १९२० च्या करारान्वये मान्य झाले असले, तरी तो प्रदेश शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. ऑस्लोहून तेथे जाणे म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडणे आणि परतताना पुन्हा आत येणे. त्यामुळे एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, किमान दोन प्रवेशांचा घ्यावा लागतो. स्नोमोबाईल स्वतः चालवायची तर वाहन परवाना हवा. मागे बसणाऱ्यास त्याची गरज नाही. गृहस्थांनी परभणीच्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. विम्यात आकस्मिक हवाई वाहतुकीचा खर्च असल्याची त्यांनी खात्री करून घेतली, कारण लाँगइयरबायनचे रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णास विमानाने ट्रोम्सोला न्यावे लागते. पाठीचे दुखणे व रक्तदाब यांची तपासणीही झाली. बर्फाच्या उंचवट्यांवरून तासन् तास हादरे बसत असल्याने हे दुखणे लपवून जाणे योग्य नव्हे.

कपड्यांची यादी आली तेव्हा घरात हसू पिकले. पहिलीच सूचना होती की अंगालगत सुती कपडा घालू नये. सुती कपडा घाम शोषून ओला होतो, लवकर वाळत नाही आणि अंगातील ऊब ओढून घेतो. ज्या कापसावर घर उभे राहिले, तो घरीच ठेवून जायचे होते. त्या जागी लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा अंगाला चिकटून बसणारा थर, त्यावर उबदार फ्लीसचा थर आणि सर्वांत वर वारा अडवणारा पोशाख लागतो. हा वरचा जाड पोशाख, बूट, शिरस्त्राण आणि चष्मा बहुधा सहलीचे आयोजकच देतात. मार्चमध्ये तेथे उणे दहा ते उणे वीस अंश तापमान नवलाचे नाही. उणे १५ अंशांत ताशी ४० किलोमीटर वेगाने निघालेल्या माणसाच्या उघड्या त्वचेला ते उणे २७ अंशांसारखे जाणवते. म्हणून नाक, गाल आणि मनगट यांवर बोटभर जागाही उघडी राहता कामा नये.

येथे घरच्या नियमांचा दुसरा अध्याय सुरू झाला. पिसे भरलेली जाकिटे नाकारली गेली. रेशमी अंतर्वस्त्रेही गेली, कारण रेशमाचा धागा कोशातील जिवाला मारून निघतो. कातड्याचे बूट व हातमोजे नकोत, असे आयोजकांना आधीच लिहून कळवले. कृत्रिम धाग्याचे सर्व काही मिळते, फक्त आधी विचारावे लागते, हे त्यातून कळले. फेब्रुवारीच्या दुपारी माडीवर पती-पत्नींनी ते तिन्ही थर चढवून, जाड मोजे घालून चेन लावण्याचा आणि बाटलीचे झाकण उघडण्याचा सराव केला. घामाघूम झालेल्या सुनेकडे पाहून सासूबाई पदराने वारा घालत राहिल्या.

खाण्याचा प्रश्न तितकाच बारकाईचा होता. अशा सहलींत दुपारी बहुधा वाळवलेल्या अन्नाच्या पाकिटात गरम पाणी ओतून जेवण तयार करतात. शाकाहारी पाकिटातही कांदा, लसूण, बटाटा असू शकतो. म्हणून शिदोरी घरचीच ठरली. नॉर्वेत युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. त्यामुळे दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तुपातले लाडू बाद झाले. तिळगुळाचे लाडू, तेलातले मेथीचे खाकरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि सुका मेवा बांधला गेला. थंडीत शरीराला जास्त इंधन लागते, तेव्हा तीळ आणि दाणे उपयोगीच. गाळून उकळलेले पाणी थर्मासमध्ये घेण्याची सूचना आयोजकांच्या यादीतही होती. आजीला ती फार आवडली.

यंत्र चालवण्याची रीत लेकीने समजावून सांगितली. गियर नाहीत. उजव्या अंगठ्याने वेग वाढवायचा, डाव्या हाताने थांबवायचे. चालकाच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते. तो पडला की ती निसटते आणि यंत्र बंद होते. सर्वांनी रांगेत, ठरलेले अंतर राखून, मार्गदर्शकाने उमटवलेल्या वाटेवरूनच जायचे. शेजारचा कोरा बर्फ कितीही मोहक दिसला तरी त्याखाली घळ असू शकते.

मार्गदर्शकाच्या खांद्यावरील बंदुकीने मात्र गृहस्थ अस्वस्थ झाले. स्वालबार्डमध्ये वस्तीबाहेर जाणाऱ्याजवळ ध्रुवीय अस्वलाला घाबरवून हाकलण्याचे साधन असावेच लागते, आणि मार्गदर्शक त्यासोबत बंदूकही बाळगतो. ती शेवटचा उपाय म्हणून असते. १९७३ पासून तेथे हे अस्वल संरक्षित आहे. त्याचा पाठलाग करणे, त्याला आमिष दाखवणे गुन्हा आहे. २०२५ पासून त्याच्यापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. तरीही प्रश्न उरतोच. अस्वल आपल्या घरी असते, पाहुणे आपण असतो, आणि आपल्या हौसेपायी त्याच्यावर गोळी चालली तर ती हिंसा कोणाच्या खाती लिहायची?

येथे आईचा पहिला प्रश्न परत आला. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडव्रत आहे, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेचा त्याग. शास्त्रकारांनी प्रमादचर्येत निष्कारण हिंडणेही धरले आहे. तेथे जाणारा प्रत्येक जण निष्कारण जातो असे नव्हे. त्याच द्वीपसमूहात न्यू-ऑलसुंड येथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते चालवते. डिसेंबर २०२३ मध्ये निघालेल्या पहिल्या हिवाळी मोहिमेत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. ध्रुवाकडील बर्फाचा आपल्या मान्सूनशी काय संबंध आहे, याचा तेथे अभ्यास होतो, आणि मान्सूनवरच सेलूचा कापूस उभा आहे. शास्त्रज्ञांच्या जाण्याला प्रयोजन आहे. आडत्याच्या जाण्याला कोणते?

गृहस्थांनी आईला खोटे उत्तर दिले नाही. "पाहायची हौस आहे, एवढंच," असे ते म्हणाले. मात्र त्यानंतर त्यांनी कार्यक्रम कापला. यंत्रावरचे तीन दिवस होते, त्यांतला एकच ठेवला. बाकीचे दोन पायी आणि संग्रहालयात घालवायचे ठरले. दोन यंत्रांऐवजी दोघांत एक घेतले. लहान गट निवडला आणि अस्वल दूरवर दिसले तरी आम्हाला परत फिरायचे आहे, जवळ जायचे नाही, असे लेखी कळवले. आईचे समाधान पूर्ण झाले नाही. "कमी केलंस, बरं केलंस," एवढेच ती म्हणाली.

आईने स्वतः वीस वर्षांपूर्वी दिग्व्रत घेतले आहे. पूर्वेला सम्मेदशिखर, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ आणि उत्तरेला हस्तिनापूर. यापलीकडे ती जाणार नाही. निघण्याच्या आधीच्या रविवारी सारे कुटुंब जिंतूरजवळ नेमगिरीला दर्शनास गेले. गुंफामंदिरातून बाहेर आल्यावर गृहस्थांनी आईसमोर हात जोडून आपली उत्तरेची मर्यादा सांगितली. या प्रवासात लाँगइयरबायनपासून त्या एका दिवसाच्या वाटेपर्यंत, आणि परतल्यावर आयुष्यभर हिमालयापलीकडे नाही. पत्नीनेही तोच नियम घेतला.

निघताना आईने तिळाच्या लाडवांचा डबा सुनेच्या हाती दिला आणि बजावले, "तिथं रोज पाव पाव तासानं दिवस वाढतो म्हणे. रोजची मावळायची वेळ लिहून घ्या." गृहस्थांनी खिशातली छोटी वही काढून दाखवली. लेकीने आठही दिवसांच्या सूर्यास्ताच्या वेळा त्यात आधीच उतरवून दिल्या होत्या. आईने ती वही डोळ्यांजवळ धरून पाहिली, णमोकार म्हटला आणि परत दिली.